तीर्थाचा हात

आणि तुला बघितलं की समद्या गप बसल्या, हाव ना? — बस, अशी खाटंवर बस उज्वला, ती खुर्ची नको, तिचा एक पाय ढिला हाय, तुझे अण्णा रोज म्हणतात ठोकतो अन् रोज राहून जातं — तर काय म्हणून राहिल्या होत्या? कुठपर्यंत ऐकलंस तू? 'मिस्त्रीच्या घरात ती शिवगंगा रोज सकाळी दार लावून —' एवढंच? पुढचं न्हाई? पुढचं तुझ्या कानावर पडू दिलं न्हाई त्यांनी. केवळाबाई असंल. पिठाच्या गिरणीपाशी, हिरवं लुगडं, फाटक्या ढोलावाणी आवाज — हाव, तीच. ती वाक्य कधी पुरं करत न्हाई बघ. अर्धं सोडून देते, समोरच्यानं पुरं करायचं. मला कसं ठाऊक? मी बी तेच करते ना. खोटं कशाला बोलू. सव्वीस वर्षं झाले मला ह्या गल्लीत, कोणाकडं पाहुणे आले, कोणाची पोरगी माघारी आली, कोणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या — समदं माझ्यापाशी जमा. पोस्टमन पत्ता शोधायचा तर आधी माझ्या दारात येतो. दुसऱ्याच्या घरची अर्धी गोष्ट सकाळी गिरणीपाशी सोडायची, संध्याकाळपर्यंत ती पुरी होऊन आपल्याच दारात येते. आता माझी आली. येऊ दे. मला काही वाटत न्हाई.

अण्णाला अर्धा तास लागंल अजून. सटवाजीच्या दुकानात दाढीला बसले की आधी त्याचं गाऱ्हाणं ऐकतात, मंग गाल पुढं करतात. जावई वैजनाथराव संगं गेले ते बरं केलं. साडेबाराची एसटी ना तुमची? मंग वेळ हाय आपल्याला. बॅग मी रातीच भरून ठेवली, वाफेचं मशीन सगळ्यात वर ठेवलंय, खाली दाबू नको, त्याची नळी चेंबते. अन् तू जे विचारून राहिलीस ते बी सांगते. न्हाई, तोंडानं न्हाई विचारलं तू, तोंडानं तू 'काकू, हवाबदल म्हणून नेते अण्णाला' एवढंच म्हणलीस. बरं. हवाबदल. पण आल्यापासून तू त्या कडीकडं बघून राहिलीस. तुझ्या नणंदेच्या सासरपर्यंत पोचलं ना हे? म्हून आलीस. राग न्हाई माय, तुझ्या जागी मी असते तर दोन दिवस आधीच आले असते. तर ती कडी. लावत होते मी. रोज. सकाळी सहा ते पावणेसात. केवळाबाईचं तेवढं खरं हाय.

मंग दार कामून लावायचं? तर तुझ्या अण्णाला थुंकताना कोणी बघितलेलं चालत न्हाई. म्हंजे मी बघितलेलं चालतं. पहिले दोन महिने माझं बी चालत नव्हतं, मी भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. तुला ते लाल दोऱ्याच्या गिलासाचं ठाऊक असंल की — न्हाई? तुला न्हाई सांगितलं? त्यांना टीबी झाला तवा तू दुसरी-तिसरीत असशील. औषध पुरं केलं, एक गोळी चुकवली न्हाई, डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं बरा झाला म्हून. तरी दाळमिलमधी, मिस्त्री असून, त्यांचा पाण्याचा गिलास येगळा. खुंटीला टांगलेला, कोणी चुकून पिऊ न्हाई म्हून लाल दोरा बांधलेला. बारा वर्षं. मिल त्यांच्या कानावर चालत होती, पट्टा सरकला तर ते चहाच्या टपरीवरून ओळखायचे, मालक त्यांना विचारल्याबिगर मशीनला हात लावू देत नव्हता, पण गिलास येगळा. तवापासून खोकला आला की माणूस आधी दार बघतो. अन् ह्या गल्लीत आले अकरा वर्षांखाली, तवा गल्लीला कोणी सांगितलं? तू बघून राहिलीस तशी बघू नको. हाव, मीच. नळावर उभे होते, खोकले, अन् मी जाऊन गिरणीपाशी म्हणले, 'नव्या मिस्त्रीला म्हणे —' बस. पुढं एक शब्द न्हाई बोलले. लोकांनी बोलला. तुझी आई पार्वतीबाई, इतकी गरीब बाई, तिला इथं कोणी हळदीकुंकवाला बोलवलं न्हाई. मी बी न्हाई. एकाच भिंतीची दोन घरं, अन् मी तिच्या हातचा चहा पिले न्हाई सहा वर्षं. ती गेली तवा तेराव्याला ह्या घरचा चहा पिले. गार झाला होता.

असो. मी कशाला ते काढलं. कडीचं चाललं होतं.

तर भिंत एक. आमचे हे जाऊन चौदा वर्षं झाले, श्रीशैल हैदराबादला, रविवारी फोन करतो, 'जेवलीस का आई' विचारतो अन् मी जेवले म्हणते. घरात ऐकायला काय? भिंत. मिस्त्रीचा खोकला मला पाठ होता. सहाला सुरू व्हायचा, आधी कोरडा, मंग ओला, मंग तांब्याचा आवाज, मंग रेडिओ. मी तवा मेसच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला घ्यायची — ट्यूशनची पोरं ती, डॉक्टर व्हायला आलेली, दोन टायमाला दोनशे भाकऱ्या — तर माझं घड्याळच ते झालं होतं. अन् तीन वर्षांखाली, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, सहा वाजले अन् खोकला न्हाई. मी थांबले. सव्वासहा. पीठ मळून झालं. साडेसहा झाले, तांब्या न्हाई, रेडिओ न्हाई. मी पिठाच्या हातानं आले. दार नुसतं लोटलेलं. खाटंवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर, ओठ जांभळे, अंग असं तापलेलं की माझ्या हाताचं पीठ वाळून गेलं. खोकायची ताकदच राहिली न्हव्हती, म्हून खोकला न्हव्हता. बाकी तुला ठाऊक हाय. सरकारी दवाखाना, नऊ दिवस. तुला फोन केला, तुझं बाळ काविळीनं पेटीत ठेवलेलं नांदेडला, तू कशी येणार? मी तवा बी म्हणले येऊ नको, आता बी तेच म्हणते. बाळाच्या आईनं पेटीपाशीच बसायचं असतं.

तिथं डॉक्टरनं समजावलं. टीबी कवाच गेला म्हणे, पण जाता जाता फुफ्फुसातल्या नळ्या ढिल्या करून गेला. ढिल्या नळीतून बेडका वर चढत न्हाई, तिथंच साचतो, साचला की सडतो, सडला की ताप. नळी काही औषधानं घट्ट होत न्हाई. मंग काय करायचं? तर रोज झाडून काढायचं. घर झाडतो तसं. घर झाडून कधी संपलंय का? तसंच हे, संपायचं न्हाई, म्हून कटाळा करायचा न्हाई. तुझे अण्णा मास्कातून मला म्हणाले, 'चाळणी गच्च झाली, शिवगंगाबाई.' मिलची चाळणी गच्च झाली की तिला ठोकतात, पण मधी न्हाई, मधी ठोकलं तर जाळी फाटते. कडंनं. हळू. लई येळ. तेच हाय हे, दुसरं काही न्हाई.

अन् ठोकायचं शिकवायला एक पोरगी होती, लुंबिनी मॅडम, उदगीरकडची, एवढीशी, तुझ्या खांद्याला लागंल. ती म्हणली पाठीवर थापा मारायच्या. मी मनात म्हणले, थापायचं म्हणजे आपलाच धंदा. दोनशे भाकऱ्या थापणारा हात हाय माझा. दिला की मी हात पसरून — फाट्! आख्ख्या वार्डानं मान वळवली. तुझ्या अण्णाच्या पाठीवर पाची बोटं उठली. ती पोरगी पळत आली, 'मावशी, मावशी, भाकरी न्हाई थापायची!' मंग तिनं माझा हात धरला अन् विचारलं, देवळात तीर्थ कसं घेता? मी घेऊन दाखवलं, असा खोलगट. ती म्हणली, बस, हाच हात, फक्त उपडा. तीर्थाचा हात. आत हवा राहिली पाहिजे, तळवा पाठीला लागला न्हाई पाहिजे. आवाज फाट् न्हाई आला पाहिजे, ढब् आला पाहिजे, घोडा मातीतून चालतो तसा. चार दिवस लागले मला. हाताला भाकरीची सवय, सारखा सपाट व्हायचा. मिस्त्री उशीत तोंड घालून झोपलेले अन् आतून म्हणायचे, 'पट्टा ढिला पडला. — आता बसला. — पडला परत.' त्यांना कानानं कळायचं. आजबी कळतं. तुझा हात चुकला तर ते सांगतील, तू वाईट वाटून घेऊ नको, मिस्त्री माणूस हाय.

आता नीट ऐक, हे दवाखान्याच्या फाईलमधी न्हाई. पहिला महिना आम्ही मॅडमनं लिहून दिलेलं समदं करायला बघितलं, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, भिंतीला कागद डकवला, अन् त्या कागदापायी आमची रोज भांडणं. ते म्हणायचे आज राहू द्या, मी म्हणायची झोपा, ते म्हणायचे तुम्ही कोण सांगणाऱ्या, मी म्हणायची कोणी न्हाई, झोपा. महिनाभरात ते थकले, मी थकले, चार दिवस सोडून दिलं, अन् पाचव्या दिवशी परत ताप. तवा कळलं. एक दिवस लई अन् चार दिवस काहीच न्हाई, हे चालत न्हाई. थोडं, पण रोज. अन् रोजच्या कशाला तरी बांधून टाकायचं, मंग ते आठवावं लागत न्हाई. कागद काढला भिंतीचा. उठलं की उपाशीपोटी मशीन लावायचं, खारट पाण्याची वाफ, ती ओढेस्तोवर मी दूध तापवते. जेवल्यावर हे करायचं न्हाई, उलटून येतं. मंग कूस. रेडिओ लावायचा. बाजारभाव लागतात तवा डावी कूस, हवामान लागलं की उजवी. तुरीचा भाव निघाला की मला सांगावं लागत न्हाई, ते आपोआप पालटतात. आधी खाटंच्या पायताकडं विटा ठेवायचो, डोकं खाली जावं म्हून, पण त्यांच्या घशाशी आंबट यायला लागलं, डॉक्टर म्हणले काढा विटा. त्या तिथं खिडकीखाली हायत, त्याच. नांदेडला कोणी सांगितलं विटा ठेवा, तर आधी विचार. नुसत्या कुशीवर बी येतं, येळ लागतो थोडा.

मंग बसून श्वास. नाकानं हळू आत, तीन अंक धरायचा, सोडायचा. तीन-चार वेळा. मंग 'हा'. खोकला न्हाई, 'हा'. चष्म्याची काच पुसताना तोंडाची वाफ धरतो तसा, पोटातून. खोकून खोकून माणूस गळून जातो अन् हातात काही येत न्हाई, 'हा' केलं की आपणहून वर येतं, मंग एकदाच खोकायचं. अन् ते बघायचं. तोंड वाकडं करू नको, तुलाच बघायचंय आता. अण्णानं त्याचे नावं ठेवलेत, त्यांना बेडका म्हणायची लाज वाटते ना, म्हून दाळी. उडीद म्हणले की पांढरं, सगळं ठीक. तूर म्हणजे पिवळं, पाणी जास्त पाजायचं, लक्ष ठेवायचं. मूग म्हणजे हिरवं, मूग दोन दिवस दिसला की दवाखाना. अन् मसूर म्हणजे लाल, रक्त. मसूर दिसली तर हात लावायचा न्हाई, ठोकायचं न्हाई, मशीन न्हाई, काही न्हाई, अंगावर हाय त्या कपड्यानिशी सरळ गाडी. एकदाच दिसली मागच्या पोळ्याला. मी रोज विचारते, 'आज काय दळलं मिस्त्री?' ते म्हणतात, 'उडीद.' भाईर ऐकणाराला वाटत असंल किराणा चाललाय.

संध्याकाळी बाटली. ती बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हाय, पाणी भरायची, नळी बुडवायची, बुडबुडे येतील अशी फुकायची. सिरियल लावायची, जाहिरात लागली की फुकायचं, सिरियल सुरू झाली की थांबायचं. जाहिराती लई असतात, पुरतं. बाटली रोज धुवायची, मशीनचा मास्क बी, उकळत्या पाण्यात, न्हाई तर आपणच जंतू पाजतो. लग्नाला जायचं झालं तर बाटली संगं न्यायची. अन् ज्या दिवशी तुला जमलं न्हाई, बाळाला ताप आला, पाहुणे आले — येतील की, तुझं भरलेलं घर — तर नुसता श्वास अन् 'हा', ते तर त्यांचं ते करू शकतात. पण सोडायचं न्हाई. सोडलं तर चार दिवस कळत न्हाई. पाचव्या दिवशी कळतं. मी पाचवा दिवस बघितलाय. तू बघू नको.

दे हात. असा न्हाई. हा बघ, सपाट. तू बी भाकरीचाच घेऊन आलीस. खोलगट कर. अंगठा चिकटव बोटाला. आता ह्या उशीवर मार. मनगटातून, खांद्यातून न्हाई. — फाट्. — फाट्. — आता आला. — गेला. उशीवर न्हाई कळत तुला, उशीला बरगड्या कुठं हायत. थांब. मी बसते. माझ्या पाठीवर मार. अगं मार, लाजतेस काय, उद्या सकाळी बापाच्या पाठीवर मारायचंय, माझ्यावर चुकलं तर चुकलं. पदर असू दे, कपड्यावरूनच मारायचं असतं. मणक्यावर न्हाई. खाली कमरंपाशी न्हाई, तिथं मूत्रपिंड असतंय, मॅडम लई ओरडल्या होत्या. हं, इथं. बरगडीवर.

हं.

हात हलका पडला. थोडा जोर. हं. आता ढब् आला. चालू दे, मोजू नको, मोजलं की येळ संपत न्हाई. बाजारभाव निघेस्तोवर मारायचं, एवढंच ध्यानात ठेव.

मला ठाऊकच नव्हतं कसं लागतं हे. तीन वर्षं मी मारलं, मला कोणी मारून न्हाई दाखवलं. दुखत न्हाई हे. मला वाटायचं ते मला बरं वाटावं म्हून म्हणतात, दुखत न्हाई म्हून. खरंच दुखत न्हाई. नुसतं आतपर्यंत जातं. चालू दे.

तुझं तोंड मला दिसत न्हाई म्हून सांगते आता. केवळाबाईचं पुढचं अर्धं. 'दार लावून बसते, अन् दवाखान्याच्या कागदावर म्हणे बायको लागलीय.' हेच हाय ते. तिची भाची वार्डात झाडूला हाय, तिनं बघितला कागद. हात थांबवू नको. मारत राहा. फाईलमधी हाय तो, हिरवा, सगळ्यात खाली, मी मुद्दाम खाली ठेवला. लुंबिनी मॅडमनं शिकवलं त्या दिवशी भरला. कोणाला शिकवलं ते लिहायचं असतं त्यांना, नाव अन् नातं. ती खाली मान घालून लिहून राहिली होती, म्हणली, 'पत्नी ना?' असं, विचारल्यासारखं न्हाई, लिहिल्यासारखं. मी शेजारीण म्हणले असते तर ती म्हणली असती, घरचं माणूस आणा. घरचं माणूस नांदेडला पेटीपाशी. म्हून मी गप बसले. अन् गप बसलं की लोक पुरं करतात, हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक. तिनं पुरं केलं. एवढंच. शिकायला मिळावं म्हून.

एवढंच न्हाई.

मला तिनं वाचून दाखवलं परत, सही घ्यायला. मी सातवी शिकलेली हाय, मला वाचता येत होतं. 'पत्नी' लिहिलं होतं अन् पुढं शिवगंगा. मी सही केली. तुझे अण्णा जागे होते. ऐकलं त्यांनी. मास्क होता तोंडावर, बोलणार कसे? पण मंग मास्क निघाला, घरी आलो, तीन वर्षं झाली. फाईल त्यांच्यापाशीच असते, दर महिन्याला तेच काढतात, तेच डॉक्टरपुढं ठेवतात. कधी विषय न्हाई काढला. खोडा म्हणले न्हाई. राहू द्या बी म्हणले न्हाई. मला अजून शिवगंगाबाईच म्हणतात, अहोजाहोच करतात, पाणी दिलं तर खाली ठेवा म्हणतात, हातातून घेत न्हाईत. तो लाल दोऱ्याचा गिलास अजून डोक्यातून गेला न्हाई त्यांच्या. तर गल्ली जे म्हणते ते खोटं हाय उज्वला. तुझ्या आईची आण. तुझ्या अण्णाच्या बाजूनं तर पार खोटं. अन् माझ्या बाजूनं —

मारत राहा गं. थांबलीस कामून?

रडून राहिलीस का? रडू नको, हात हलतो मंग. मी कुठं रडून राहिले. मला काही होत न्हाई बघ. काल बॅग भरताना बी काही झालं न्हाई. दोन सदरे, दोन धोतर, मशीन, बाटली. मला वाटलं होतं काही होईल. काहीच न्हाई. नुसतं असं, हात बर्फात ठेवल्यावर कसा होतो, आपलाच असतो पण आपला वाटत न्हाई, तसं. उद्या सहाला भिंतीत काही ऐकू येणार न्हाई, एवढं मला कळतं. पीठ मळायचंच हाय मला. पोरं उपाशी थोडीच राहणार. अन् तू चांगलं शिकलीस. आता मी डोळे मिटून सांगते, आता तुझा हात बरोबर पडून राहिलाय. मला चार दिवस लागले होते. तुझ्या अण्णाचाच कान हाय तुला.

थांब. ऐकलंस? — खोकला. कोपऱ्यावर हायत ते, लिंबापाशी. तिथं एकदा खोकतात, मंग पायरीपाशी एकदा. दोन मिनिटं. बस. बस कर आता. पदर सरळ कर माझा मागून. डोळे पूस तुझे, त्यांना लगेच कळतं, कानावाणीच डोळे हायत.

कडी कोणी लावली? — मीच का? कधी लावली? उशी घेतली तवा उठले होते, तवाच असंल. सवय. बघ आता, केवळाबाई भाईर उभी असंल तर तिला अजून एक मिळालं. 'काल-परवा तर पोरीला बी आत घेऊन —'

हे काय करून राहिलीस? फाईल कशाला उपसतेस, नीट लावलीय मी — तो हिरवा कागद नको काढू. तो राहू दे तिथंच. बरं, तुला ठेवायचा नसंल तर न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात नवा कागद होईल, त्यावर 'मुलगी' लिहून घे, तेच बरोबर हाय. हा फाडून — मला कशाला देऊन राहिलीस? मी काय करू त्याचं? मला पाठ हाय तो. उज्वला, अगं मला — बरं. दे. दे इकडं. कमरंला खोचते.

पायरी आली. जा.

कडी काढ.